सेकंदाचा पन्नासावा भाग

२३ मार्च, रविवार

चित्र हलले! सुकरीने मोबाईल बाजूस सारला व डोळे मिटून घेतले.

घडले ते क्रमाने लिहितो. माझी पत्नी सुकरी पौषात अंगणात पडली, कमरेचे हाड मोडले. तेव्हापासून ती खाटेवर आहे. तिच्या माहेरच्या शिवारात तिच्या मायचे मोहाचे झाड आहे. लग्नानंतरही मोह वेचण्यास जाण्याचे तिचे एक वर्ष चुकले नाही. यंदा चुकले. होळीच्या दिवशी म्हणाली, "एक डाव मायचं झाड पाह्याले भेटलं असतं तं बरं झालं असतं." दुसरे काही मागितले नाही. मी शब्द दिला. फुले वीस-पंचवीस दिवसच गळतात. शब्द तेवढ्यात पाळणे आहे.

आमची नात रीना चंद्रपुरास लग्नांचे चित्रीकरण करते. तिने आपला ड्रोन आणला. ती जागा व्याघ्रक्षेत्राबाहेर आहे व तेथे उडविण्यास मनाई नाही, याची तिने नकाशावर खात्री केली. मी दोनदा विचारले. सकाळी मोटारसायकलवरून गेलो. झाड उत्तम आहे. चित्र मात्र वाईट! उन्हात पांढरे, सावलीत काळे. फांद्या झटक्या-झटक्याने हलतात.

"कॅमेरा आपल्या मनानं मापं घेऊन राह्यला होता, आबाजी," रीना म्हणाली.

लाकूड आगारात मी एकतीस वर्षे लाकडाची गोलाई मोजली. माप कोणाच्या मनावर सोडायचे नसते! तसे तिला सुनावले. ती हसली. "मंग तुमीच लिहून घ्या मापं."

२४ मार्च, सोमवार

रीनाने फोनवर सांगितलेली मापे — सेकंदास पंचवीस चित्रे. प्रत्येक चित्रास कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा वेळ, सेकंदाचा पन्नासावा भाग. का, हे मी विचारले. "त्यानं गळतं फूल थोडंसं फिसकटते, आबाजी. मंग डोळ्याले ते वाहत्या पान्यावानी लागते. लई बारीक वेळ ठेवला का झटके बसते." आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची तीव्रता, शंभर, वर नाही. रंगाचे माप एकच ठेवावे, मध्येच बदलू देऊ नये. पडदा इतका वेळ उघडा राहिला तर उन्हात चित्र पांढरे पडते, म्हणून भिंगापुढे काळी काच लावावी — क्रमांक सोळा.

सर्व समजले. चौथी शिकलेल्या माणसास समजले, याचीही नोंद असावी.

३० मार्च, रविवार

मापे जशीच्या तशी लावली. उडविताना मात्र रीनाचा अंगठा घाई करतो. वरातीमागे धावण्याची सवय! मी म्हणालो, दे इकडे. तरुणपणी दोन भरल्या घागरींची कावड खांद्यावर घेऊन नदीवरून येत असे. पाणी सांडू नये म्हणून जसे पाऊल टाकावे, तसा अंगठा सरकविला. यंत्र सरळ रेषेत, संथ गेले. "आबाजी, तुमचा अंगठा तं माह्यापेक्षा थंडा हाय!" रीना म्हणाली. मला बरे वाटले.

त्याच अभिमानात चूक झाली. झाड जवळून दिसावे म्हणून यंत्र फार खाली आणले. पंख्यांच्या वाऱ्याने फांद्या हलल्या व भराभरा फुले पडली. झाडाखाली मंगली — सुकरीच्या भावाची बायको — मोह वेचीत होती. ती टोपली टाकून उठली.

"अवो भाऊजी! मोह हालवाचा नसते, मालूम नाई का तुमाले? झाड आपल्या मनानं देते, तेवढंच घ्याचं. म्हातारपनी पतंग उडवाले आले!"

तिचे बरोबर होते. हा नियम मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी डोक्यावरचा रुमाल काढून झाडासमोर उभा राहिलो व चुकलो म्हणालो. रीनाने माझ्या तोंडून हा शब्द प्रथमच ऐकला असावा. पुढे शेंड्यापासून तीस फूट अंतर राखून चित्रण केले.

सायंकाळी सुकरीच्या उशाशी बसून मोबाईल धरला; हात हलला तरी चित्र आपोआप फिरू नये, अशी सोय रीनाने करून दिली आहे. चित्र चालू असता तिला सांगत गेलो — हा बुंधा, ही पूर्वेकडची खाच, जिला तुझी माय टोपली अडकवीत असे. ही मंगली. बघ, कशी रागाने वर पाहते आहे! सुकरी हसली. मग म्हणाली, "धूर दिसून राह्यला. बरोबर नाई दिसत."

१ एप्रिल, मंगळवार

रीनास फोन केला. ती म्हणते, "माह्या इथी तं चकाचक दिसते." मी म्हणालो, तुझ्याकडे काय दिसते ते मला सांगू नकोस, तुझ्या आजीला दिसत नाही. आवाज चढला. काळी काच जास्त काळी झाली असेल. की खालचा पाचोळा जाळल्याचा धूर असेल? पुन्हा जाणे आहे.

६ एप्रिल, रविवार

उजाडताच पोहोचलो. धूर नव्हता. प्रकाश कोवळा, म्हणून काळी काच काढली. बाकी मापे तीच — पंचवीस, पन्नासावा भाग, शंभर. तांबूस पालवी फुटू लागली आहे. फुले सरत आली. मंगली म्हणाली, "आता सकाळची एक टोपली बी भरत नाई, भाऊजी. घ्या तुमचा फोटो." या वेळी तिने पदर सारखा केला व वर पाहून हात हलविला.

असे निर्मळ चित्र मी पाहिले नव्हते. एकेक फूल सुटते व शांतपणे खाली येते.

सुकरीस दाखविले. पालवीपासून मंगलीच्या हातापर्यंत सर्व सांगितले. "आता?" म्हणून विचारले.

"आधीपेक्षा बरं हाय. पन धुकट हाय अजून. दाखवसान ना उद्या बी?"

रीना खाली मान घालून ड्रोन पेटीत ठेवीत होती. माझ्याकडे न पाहताच चंद्रपुरास गेली.

८ एप्रिल, मंगळवार

आज दुपारी पुन्हा दाखवीत होतो. मला आता सर्व पाठ आहे, म्हणून मी मोबाईलकडे पाहत नव्हतो, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. अर्ध्यावर लक्षात आले — मोबाईल उलटा धरला होता. झाड खाली डोके करून लटकत होते!

तेवढ्यात सुकरी म्हणाली, "कसं सरळ उभं हाय ना मायचं झाड!"

मी हळूच मोबाईल सुलटा केला. तिच्या चेहऱ्यात काही फरक पडला नाही.

अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. मग रीनास फोन केला. म्हणालो, तू सांगितलेली मापे पहिल्यापासून बरोबर होती, दोष तुझा नव्हता. उलट्या मोबाईलचे सांगितले. ती म्हणाली, "मोतीबिंदू असन, आबाजी. ऑपरेशन झालं का दिसते लोकाइले. रडू नका."

मी रडत नव्हतो.

९ एप्रिल, बुधवार

सुकरीस सरळ विचारले, कधीपासून? म्हणाली, "दिवाळीपासून. पायरी नाई दिसली, म्हनून तं पडली." मग सांगितले का नाहीस? रोज धुकट-धुकट का म्हणत राहिलीस?

"तुमी बसून सांगत होते ना. बावन्न वर्सांत माह्यासंग एवढं बोलले का कधी?"

रीनास कळविले — रविवारी ड्रोन नको, गाडी घेऊन ये. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे. नंतर मोबाईल बंद करून कोनाड्यात ठेवला, आणि सुकरीजवळ बसून झाड पुन्हा पहिल्यापासून सांगितले. सावकाश.