बाथरूममधले बंटी भिया

तांपेरे, फिनलंड
२२ जून २०२५

चि. सुगत यास,
सप्रेम जय भीम वि. वि.

प्राची आणि रुची सुखरूप पोहोचल्याचं कळलं. विमानतळावर तू मच्छरांचं मलम उघडूनच उभा होतास, हेही कळलं. भाऊ न्यायला आला आहे की औषध लावायला, हे प्राचीला क्षणभर समजेना.

तुला एक काम सांगतो. व्हिडिओ लावला की मागे सगळे उभे असतात, रुची हात हलवते आणि सगळं छान आहे असं म्हणते. त्यातून मला काही कळत नाही. म्हणून तू मला पत्र लिही. मेलने पाठव, पण पत्रासारखं, सविस्तर. रुचीचा जन्म इथला. आठ वर्षांत तिने घरात किडा असा क्वचितच पाहिला असेल; इंदूरला आलो तेही थोड्या दिवसांसाठी आणि हिवाळ्यातच. तिथली गरमी, पाली, झुरळं, कोळी हे तिला झेपतंय का, ते तू मला खरं सांगायचं. करार वाढवायचा की नाही, हे इथल्या कंपनीला मला १५ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं आहे. रुची रमली तर मी नाही म्हणेन आणि इंदूरच्या विजय नगरमधल्या कंपनीत रुजू होईन. नाही रमली तर मी इथेच राहीन आणि त्या दोघी दिवाळीच्या आत परत येतील. प्राचीला हे मान्य आहे. तुझ्या आईंना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

हे तुझ्यावर टाकतो आहे, कारण तू वाढवून सांगत नाहीस आणि लपवतही नाहीस.

आईंना माझा जय भीम सांग. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
मानस


परदेशीपुरा, इंदूर
२९ जून २०२५

आदरणीय दाजी,
सविनय जय भीम वि. वि.

आपलं पत्र मिळालं. कारखान्यात कपड्यांची लेबलं तपासताना मी ते मनात म्हणत होतो, इतकं पाठ झालं. मी बारावीनंतर शिक्षण सोडलेला माणूस. पत्र कसं लिहायचं ते शाळेच्या पुस्तकात होतं तेवढंच येतं, तेव्हा काही राहिलं तर सांभाळून घ्यावं.

त्या दोघी यायच्या आधी मी घराची पूर्ण तयारी केली होती. खिडक्यांना बारीक जाळी, मोऱ्यांवर झाकणं, छताचे कोपरे साफ. मुंग्या चढू नयेत म्हणून रुचीच्या पलंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत. ताई म्हणते, पोरीला तळ्यात झोपवतोस का. आई म्हणते, घराचा दवाखाना करून ठेवलाय.

आता रुचीचं. ट्यूबलाइटमागची पाल तिला पहिल्या दिवशी प्लास्टिकची वाटली. ती हलली तेव्हा रुची ताईच्या मागे लपली, पण रडली नाही. मंगळवारी स्वयंपाकघरातून एक झुरळ उडालं आणि तिच्या पोह्यांच्या ताटलीशेजारी उतरलं. त्यावर ती ओरडली. खरं सांगायचं ठरलं आहे म्हणून लिहितो, तिच्याआधी मी ओरडलो.

तेव्हापासून ती झोपायच्या आधी मी टॉर्च घेऊन उशीखाली, पडद्यामागे, पलंगाखाली सगळीकडे बघतो आणि काही नाही असं सांगतो. मगच ती गादीवर चढते. आपण काळजी करू नये.

मोठ्यांचा हात डोक्यावर असावा, एवढंच मागणं.

आपला,
सुगत


परदेशीपुरा, इंदूर
१३ जुलै २०२५

आदरणीय दाजी,
सविनय जय भीम वि. वि.

या वेळी बातमी चांगली नाही.

गुरुवारी आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आईचा दर वर्षीचा नेम आपल्याला माहीत आहे. आश्विन पौर्णिमेपर्यंत ती रोज विहारात ग्रंथवाचनाला जाते आणि घरात कोणताही जीव मारू देत नाही. रुचीला तिने समजावलं की पावसाळ्यात जमिनीवर बारीक जीव फार असतात, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून पूर्वी भिक्खू तीन महिने एकाच जागी राहायचे. त्यांनी जिवांसाठी वाट सोडली, मग आपण थोडी जागा सोडली तर काय बिघडतं. फवाऱ्याचा डबा आईने कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे.

आता काही निघालं की त्यावर स्टीलचा ग्लास उपडा ठेवायचा, खालून कॅलेंडरचं जुनं पान सरकवायचं आणि मागच्या कडुनिंबापाशी नेऊन सोडायचं. पद्धत चांगली आहे, पण स्टीलच्या ग्लासातून दिसत नाही. आत आहे की निसटलं, काहीच कळत नाही. परवा मी एका ग्लासावर हात ठेवून बसून राहिलो, आई विहारातून येईपर्यंत.

बाथरूममध्ये एक मोठी मकडी आली आहे, तळहाताएवढी. रुची आता तिथे एकटी जात नाही. गादीवरही मला दोन-दोनदा बघायला लावते. काल रडली आणि फिनलंडचं विमान कधी आहे असं ताईला विचारलं. ताई मला म्हणाली, जरा मऊ करून लिही. पण आपण खरं मागितलं आहे. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. त्या दोघी परत गेल्या तर आईचं काय होईल, ते मी लिहीत नाही.

राग नसावा, लोभ असू द्यावा.

आपला,
सुगत


तांपेरे
२० जुलै २०२५

चि. सुगत,
सप्रेम जय भीम.

खरं लिहिलंस, बरं केलंस. मी मनाची तयारी ठेवतो आहे.

पण काही गोष्टी स्पष्ट कळव. तो कोळी बाथरूममध्ये नेमका कुठे असतो? दार उघडताना दिसतो की आत गेल्यावर? अंगावर येतो का? पलंग भिंतीला लागून आहे की मधोमध? घरात गोम निघते का? तळमजल्याऐवजी विजय नगरला वरच्या मजल्यावर घर घेतलं तर हे सगळं टळेल का? जमलं तर एखादा फ्लॅट पाहून ये. हे सगळं रुचीसाठी विचारतो आहे.

तब्येत सांभाळ, आणि आठवण ठेव.

मानस


परदेशीपुरा, इंदूर
१० ऑगस्ट २०२५

आदरणीय दाजी,
सविनय जय भीम वि. वि.

उशीर झाला, पण या वेळी लिहिताना हात मोकळा आहे.

आपलं पत्र आलं त्याच आठवड्यात रुचीने मला एक गोष्ट विचारली. मी टॉर्च घेऊन पलंगाखाली वाकलो होतो. तिने विचारलं की मामा, काही नसतं तर तू रोज काय शोधतोस.  मग ती म्हणाली की गादीत काही असेल असं तिला आधी वाटत नव्हतं, मी बघायला लागल्यापासून वाटायला लागलं. ताई हसायला लागली. म्हणजे दाजी, मकडीपेक्षा पोरीला मीच घाबरवत होतो.

मी टॉर्च तिच्याच हातात दिला. दोन दिवस तिने तो लावला नाही. तिसऱ्या दिवशी आजीचा हात धरून बाथरूममध्ये गेली आणि मकडी नीट बघून आली. आमच्या गल्लीतले पोहेवाले बंटी भिया दुपारी ओट्यावर हातपाय पसरून बसतात, तशीच ही भिंतीवर बसते, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून मकडीचं नाव बंटी भिया. आत जाताना ती दारावर टकटक करते आणि भिया, जरा सरका, असं सांगते. खऱ्या बंटी भियांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिच्या पोह्यांवर जास्तीची शेव घातली, आणि भाडं तरी घेता का त्याच्याकडून, असं मला विचारलं.

पावसानंतर पंखवाले किडे घरात घुसतात. आई घरातले सगळे दिवे घालवते आणि फक्त ओट्यावरचा बल्ब लावते. किडे तिकडे जमतात, आणि आम्ही आत अंधारात भुट्टे खात बसतो. रुचीला हा कार्यक्रम रोज हवा असतो.

आपल्या प्रश्नांची उत्तरं. बंटी भिया खिडकीजवळ वर असतात, दार उघडलं की लगेच दिसतात, अंगावर येत नाहीत. पलंग आता मधोमध आहे. गोम या वर्षी निघालेली नाही. विजय नगरचा फ्लॅट पाहिला. आठवा मजला, हवा उत्तम. पण खरं लिहायचं म्हणून लिहितो, लिफ्टमध्ये एक झुरळ आमच्याबरोबरच आठव्या मजल्यापर्यंत आलं आणि आमच्याआधी उतरलं.

जाता जाता एक गंमत. रुचीने आईला सांगितलं की तिकडच्या तळ्याकाठच्या लाकडी घरात एकदा मकडी निघाली होती, तेव्हा बाबा टॉवेलवरच बाहेर जाऊन उभे राहिले आणि ताईने मकडी हाताने उचलली. आई खूप हसली. राग मानू नये.

ममता आहे तशीच ठेवावी.

आपला,
सुगत


तांपेरे
३१ ऑगस्ट २०२५

चि. सुगत,
सप्रेम जय भीम.

रुचीचा बाथरूममधल्या बंटी भियांबरोबरचा फोटो मिळाला. फोटोत ती मला दिसली, त्यांच्याकडे मी फार पाहिलं नाही.

ती रमते आहे हे चांगलंच. पण पावसाळा म्हणजे सगळं वर्ष नव्हे. एप्रिल-मेची गरमी तिने पाहिलेली नाही. शाळेची भाषाही बदलली आहे. इकडे कंपनी करार आणखी चांगला करून देते आहे. घाई नको असं वाटतं. आणि गोम या वर्षी निघाली नाही म्हणालास, म्हणजे मागच्या वर्षी निघाली होती का? कुठे? ओल्या भिंतीतून की मोरीतून? बिछाना जमिनीवर घालायची वेळ कधी येते का?

प्राचीला यातलं काही बोलू नकोस.

मानस


परदेशीपुरा, इंदूर
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय दाजी,
सविनय जय भीम वि. वि.

आपलं पत्र घेऊन मी तीन-चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. लहान तोंडी मोठा घास होतो आहे, तरी लिहितो. चुकलो तर लहान भाऊ समजून कान धरावा.

रुची आता एकटी झोपते. इथल्या शाळेत जायला लागून महिना होत आला, भाषेचं म्हणाल तर वर्गात ती चल हट भिया म्हणायला शिकली आहे, ताई त्यावर रागावते. सकाळी शाळेचे बूट घालायच्या आधी उलटे करून झटकते. ही महूच्या पलटणीतल्या आमच्या आजोबांची सवय, घरात सगळ्यांना आहे. म्हणजे आपण २२ जूनला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मिळालं आहे. ती रमली.

पण आपले प्रश्न संपले नाहीत. गोमेचं रुचीने मला कधी विचारलेलं नाही. तिला गोम माहीतच नाही.

दाजी, मी रोज उशी झटकतो. उडणारं झुरळ दिसलं की मी आजही खोलीबाहेर जातो. वयाच्या सव्विसाव्या वर्षी हे कुणाला सांगायची सोय नसते. घरात हसतात. ती माणसं वाईट नाहीत, त्यांना ते गमतीचं वाटतं. म्हणून आपले प्रश्न मला परके वाटले नाहीत. ते माझ्यासारखे वाटले. आणखी काही विचारायचं असेल तर खुशाल विचारावं. कुणासाठी, हे लिहायची गरज नाही. ताईला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही.

मागच्या वर्षी एक गोम निघाली होती. मोरीतून. आता तिथे झाकण आहे.

जवळचा मानत आलात, तसाच मानावा.

आपला,
सुगत


तांपेरे
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुगत,
सप्रेम जय भीम.

कान धरण्यासारखं तू काही लिहिलं नाहीस. आता कानाचंच सांगतो.

आमच्या भंडाऱ्याच्या घरी सगळे जमिनीवर झोपायचे. गोम कानात शिरते, हे मोठी माणसं जेवता जेवता सांगायची. मी रुचीएवढा असताना एकदा जागा झालो तेव्हा गालावरून काहीतरी चालत होतं. ती कानात गेली नाही. पण त्यानंतर मी कानात कापूस घातल्याशिवाय झोपलो नाही. शाळा, कॉलेज, हॉस्टेल, पुण्याची नोकरी, सगळीकडे. मित्रांना सांगायचो, गोंगाट सहन होत नाही. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी लक्षात आलं की कापूस खणातच राहिला आणि मी झोपलो. बाहेर सगळं गोठलेलं होतं. मी त्या खिडकीशी उभा राहून रडलो, आणि मला वाटलं, हाच आपला देश.

सुट्टीत इंदूरला येतो तेव्हा पुन्हा घालतो. प्राची समजते की तुमच्या गल्लीतल्या लाऊडस्पीकरसाठी.

हे मी रुचीवर टाकून बसलो होतो. ती रमू नये असं मला कधी वाटलं नाही, पण तुझं जुलैचं पत्र वाचून मला हलकं वाटलं होतं, हेही तुला सांगतो. आता काय करावं ते कळत नाही. इकडे घर रिकामं आहे, आणि किडा एकही नाही.

मानस


परदेशीपुरा, इंदूर
८ ऑक्टोबर २०२५

आदरणीय दाजी,
सविनय जय भीम वि. वि.

आपलं पत्र मी वाचून मेलमधून काढून टाकलं. त्यातलं काही या घरात कुणाला कळलेलं नाही.

काय करावं हे मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. फक्त इथलं कळवतो. काल आश्विन पौर्णिमा होती. वर्षावास संपला आणि आईने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. रुचीने ती मागून घेतली आणि अजून परत केलेली नाही. बंटी भिया सुखरूप आहेत.

परत जाण्याचं मात्र आईला आधीच सगळं कळलं होतं म्हणे, करारासकट. ताईने जुलैतच सांगितलं होतं. तीन महिने आई त्यावर एक शब्द बोलली नाही. काल रात्रीच्या जेवणात खीर वाढताना एवढंच म्हणाली की जावयाला यायचं तर येईल, त्याची खोली मी पुसून ठेवली आहे.

ती माझीच खोली. मोरीपासून लांब आहे. भिंतीच्या सगळ्या फटी मी या रविवारी सिमेंटने भरल्या. कोणासाठी, हे कुणी विचारलं नाही. आणि रुची म्हणते, बाबा आले तर त्यांचे बूट रोज सकाळी ती झटकून देईल, कारण बाबांना घाई असते. कारण तिने हेच सांगितलं, दुसरं काही नाही. पण सांगताना माझ्याकडे बघून जरा हसली.

काही ठरलं तरी लोभात अंतर पडू देऊ नये.

आपला,
सुगत


तांपेरे
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुगत,
सप्रेम जय भीम.

आज सकाळी कंपनीला नाही म्हणून कळवलं. सोमवारी दिवाळी, मी रविवारी पोहोचतो. विमानतळावर मलम घेऊन ये.

आईंना सांग, खोलीत फार काही करायला नको. माझ्यासाठी एक ग्लास तेवढा वेगळा ठेव. स्टीलचा नको, काचेचा. आत काय आहे ते दिसलं म्हणजे माणूस पान सरकवू शकतो.

कापूस मी इथूनच घेऊन येतो आहे. तुला लागला तर माग.

तुझाच,
मानस