तळघरातलं मशीन बंद पडू देऊ नकोस

लॉर्ना,

आज व्हॅक्युम क्लीनर लावू नकोस, फ्यूज उडेल. तळघरातलं लिनक्सचं मशीन, म्हणजे आपला कॉम्प्युटर, बंद पडता कामा नये. सकाळी मी डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, अपडेट केला, तो चुकीचा निघाला. आणि जुना मीच पुसून बसलो. मशीन चालू आहे तोवर त्याच्या मेमरीतला जुनाच चालतोय. बंद पडून परत सुरू झालं, की नवा ड्रायव्हर आपली डिस्क कोरी समजून पुसून टाकेल. तुझ्या डॅडच्या आवाजाची सगळी रेकॉर्डिंग्ज तिच्यावरच आहेत. कॉपी केलीय म्हणालो होतो, ते खोटं होतं.

कॉपी करायला नवी डिस्क आणायला डुलुथला गेलोय. बर्फ वाढलाय, दिवे दोनदा लुकलुकले. फोन करू नकोस, नुसत्या रिंगनेच धस्स होईल. आल्यावर आधी तळघराच्या खिडकीतून मशीनचा हिरवा दिवा बघेन, मगच घरात येईन.

एव्हरेट