मागे वाघ नको

प्रिय लीना,

तुझी आई, म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई, दुकानात आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "समर्थ, माझा नवा फोटो काढ." त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याच्या आधी मी तुझ्यावर चिडलेला एक माणूस होतो, दुसरं काही नव्हतो. तू परवा घटस्थापनेसाठी येतेस आणि त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. ओळीने वाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायची तुझी सवय इथे नको. माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याबद्दल यात एक अक्षर नाही. पुण्यात तुझ्या लॅबच्या गेटवर मी वॉचमनची कॉलर धरली त्याबद्दलही नाही. तो विषय तू संपवलास, मी संपवला असं समज.

मी आता शेवगावला स्टँडसमोर बन्सीदादाच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो. बी.एस्सी. मध्येच का सोडलं ते तुला माहीत आहे. त्या पोराने वर्गात तुझं नाव घेतलं, मी त्याला मारलं, प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हणालो नाही मागत. कॉलेजने काढलं नाही, मीच परत गेलो नाही. इथलं काम सोपं आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. माणूस मोबाईलवर फोटो पाठवतो, मी त्याला गोरा करतो, डोळ्यांखालचं काळं पुसतो, केस विरळ असले तर भरून देतो, गळ्यात चेन नसली तर तीही घालतो. वाढदिवसवाल्याच्या मागे वाघ लागतो. वाघ नसला तर पोरं फ्लेक्स परत पाठवतात. नवा फॉन्ट आला की मी आधी तुझं नाव टाईप करून बघतो. त्यात 'ल' बरा दिसला तर फॉन्ट ठेवायचा, नाही तर काढून टाकायचा. बन्सीदादाला वाटतं, पोरगं कामात चोख आहे.

उभारी ट्रस्टचा फ्लेक्स दर नवरात्राच्या आधी स्टँडवर लागतो, कारण मोहट्याच्या देवीला जाणाऱ्या बायका इथेच गाडी बदलतात. त्यावर बाईंचा फोटो असतो. पोपटी साडी, परत उगवलेले आखूड कुरळे केस, तोंडभर हसू. तूच तो काढला होतास, अंगणात, तू बारावीला होतीस तेव्हा. खाली 'मी जिंकले!' आणि कॅन्सर तपासणी शिबिराची तारीख. तुझ्यासाठी तो घरातला फोटो आहे. इथे बायका त्याच्यासमोर थांबतात. आमच्या दहिगावची साळूबाई तो बघूनच तपासायला गेली होती. ही बाई मरणाच्या दारातून माघारी आली अन् एवढी हसती, मग मला नुसतं दाखवायला काय झालंय, असं म्हणत गेली. तिला काही निघालं नाही. पण तेव्हापासून ती दर शिबिराला येते आणि येताना गावातल्या दोघीतिघींना हाताला धरून आणते.

मला त्या ट्रस्टचा राग होता. पेशंटला पुण्याला न्यायला गाडी आहे, राहायला खोल्या आहेत, तिथपर्यंत ठीक. पण दर वर्षी ते एकाला लॅबमध्ये संशोधनासाठी पाठवतात आणि या खेपेला तू गेलीस. मागच्या सभेत कुणीतरी उठून बोललं ना, की खोल्या वाढवा, पुण्यात काचेखाली बघत बसून इथल्या माणसाला काय मिळणार, तो मी होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाल्या की भाषण चांगलं होतं, फक्त तुझं दुखणं वेगळं आहे.  शाळेतही त्या चूक अशीच, जवळ येऊन दाखवायच्या.

यंदाही सुमंत सर पेन ड्राईव्ह घेऊन आले. तुला माहीतच आहे, ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणजे सुमंत सरच ऑफिस, सुमंत सरच शिपाई. फोटो तोच, मजकूर तोच, फक्त तारीख बदल, म्हणाले. मी बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. डोक्याला रुमाल होता. मला वाटलं ऊन लागत असेल. फोटो काढ म्हणाल्या म्हणून मी मागे पांढरा पडदा सोडला आणि सांगितलं, बाई, रुमाल काढता का, सावली पडतेय. त्यांनी काढला आणि घडी घालून माझ्या की-बोर्डवर ठेवला.

लीना, डोक्यावर एक केस नव्हता. भुवयाही नव्हत्या.

मी कॅमेरा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "उचल. मागे सगळ्यांना वाघ टाकतोस ना, मला नको. वाघ आत बसलाय." आणि हसल्या. तेच पोपटी साडीतलं हसू, पण बाकीचा चेहरा त्याच्या मागून आला नाही. मी फोटो काढला. स्क्रीनवर घेतला आणि हात सवयीने चालला. डोळ्यांखालचं काळं पुसलं, गाल थोडे भरले, रंग उजळला. बाई मागे उभ्या होत्या. काढलंस ते सगळं परत घाल, म्हणाल्या. मी एकेक करून परत घातलं. आजपर्यंत त्या दुकानात कुणी काळं परत मागितलं नव्हतं. मग त्यांनी शाळेत सांगायच्या तसा मजकूर सांगितला, शब्द सुटा करून. पुन्हा झालाय. पुन्हा उपचार घेते आहे. तुम्ही तपासून घ्या. तिन्ही ठिकाणी पूर्णविराम. उद्गारचिन्ह नको, म्हणाल्या, मागच्या फ्लेक्सवर तेवढंच खोटं होतं.

आता तुझ्या डोक्यात हिशेब चालू झाला असेल की कधीपासून. उन्हाळ्यापासून. आंब्याच्या दिवसांत त्या घरी नव्हत्या. तुझ्याच पुण्यात होत्या, ट्रस्टच्या खोलीत. तुझ्या हॉस्टेलपासून ती खोली रिक्षाने अगदी जवळ पडते. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस आणि त्या खिडकी लावून बोलायच्या. एकदा तू विचारलंस, आई, एवढ्या गाड्या कसल्या वाजतायत. त्या म्हणाल्या, भाजीला आले आहे, स्टँडवर. आठवतंय का. पुढची इंजेक्शनं नगरला चालू आहेत. तुला सांगायचं म्हणून त्या रोज फोन उचलतात आणि लिंबाच्या लोणच्याला मीठ कमी पडलं इथपर्यंतच येतात. तू कळल्याबरोबर सगळं टाकून येशील ही भीती. मी म्हणालो, येऊ दे की. तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, एक जण मध्येच सोडून आलाय तेवढा पुरे.

आणखी एक आहे. हे लिहावं की नाही यावर मी सकाळपासून थांबलो होतो. पुण्यात डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला काढला तेव्हा बाईंना विचारलं की त्यातला थोडा संशोधनाला देऊ का. त्या द्या म्हणाल्या. त्याच्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे तू मला एकदा सांगितलं होतंस. त्या हॉस्पिटलचे तुकडे तुमच्याच लॅबला येतात हेही तूच सांगितलं होतंस. बाईंना ते माहीत होतं. दुकानातून निघताना, रुमाल बांधता बांधता म्हणाल्या, "ती मला रोज बघतही असेल रे. आणि मी विचारते, जेवलीस का." मी दुसरीकडे बघितलं. समोर मशीनवर कुणाच्या तरी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन छापून बाहेर येत होतं. सभेत काचेखाली बघून काय मिळणार असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर हे होतं, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

सुमंत सरांशी माझं भांडण झालं. व्हायचंच होतं. जुना फ्लेक्स मशीनवर चढला होता आणि ते नव्या डिझाईनला नाही म्हणाले. त्यांना आजार माहीत होता, खोली त्यांनीच दिली होती. पण त्यांचं म्हणणं, बायका तिचं जिंकणं बघून येतात. पाथर्डीकडच्या एका गावात उपचार घेऊन आलेली बाई गेली, तर पुढच्या शिबिराला तिथून कुणी फिरकलं नाही. हा फोटो बघून चार जणी घरी बसल्या आणि त्यातल्या एकीला गाठ असली तर, असं त्यांनी मला विचारलं. मी मशीन बंद केलं आणि अर्धा छापलेला 'मी जिंकले!' ओढून काढला. फाडायला गेलो. फ्लेक्स फाटत नाही, त्याला कटर लागतो. कटर शोधेपर्यंत निम्मा राग गेला. बन्सीदादा म्हणाला, आता कापतोच आहेस तर सरळ काप, मागची बाजू मांडवाला उपयोगी पडेल. सुमंत सर उठून गेले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला, स्क्रीनवर बाईंना बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ट्रस्टचा फोन नंबर जरा मोठा कर. एवढंच. सरांचं म्हणणं चूक होतं असं मला अजूनही पूर्ण वाटत नाही.

मग काल साळूबाई आली, नातवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला. वाघ होता. तिने तो आडवा-उभा बघून घेतला आणि तिची नजर स्क्रीनवर गेली. ह्या त्याच न्हवं का, म्हणाली. मी हो म्हणालो. लई वाळल्या, म्हणाली. मला वाटलं, आता ही म्हणणार, मग तपासून तरी काय उपेग. सरांच्या भीतीला आता तोंड फुटणार. मी उत्तर जुळवत होतो. तर ती म्हणाली, "मग यांच्यापाशी कोन हाय आता? एक पोरगी हाय ना यांला?" आहे, पुण्यात आहे, मी म्हणालो. "तिला ठाव हाय का?" मी माऊस हलवत राहिलो. तिने वाघ गुंडाळून काखेत घेतला आणि दारातून विचारलं की शिबिर कधी हाय ते वाचून दाखव, मला बारीक दिसत न्हाई. मी वाचून दाखवलं.

ती गेली आणि मी कागद घेतला. कारण फ्लेक्स आज लागणार आहे, वीस बाय दहा, पुण्याची गाडी जिथे थांबते त्याच्या बरोबर समोर. तू परवा बॅग घेऊन उतरणार, वर बघणार, आणि तुझ्या आईचं डोकं तुला सगळ्या स्टँडसोबत दिसणार. ते मी केलेल्या फ्लेक्सवरून तुला कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. बाईंना मी सांगितलं आहे की लिहितोय. ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ऱ्हस्व-दीर्घ बघ, ती हसेल. त्यांना फोन करू नकोस, फोनवर त्या परत लोणच्यावर जातील. सरळ घरी जा आणि डोक्यावरून हात फिरव. मऊ लागतं, असं त्या स्वतःच सांगतात. लॅब सोडू नकोस, तेवढं मात्र त्यांचं ऐक. तू उतरशील तेव्हा मी कुठल्यातरी खांबाआड उभा असेन असं तुझ्या मनात येईल. मी नसेन. बन्सीदादा दोन दिवस मोहट्याला सेवेला चाललाय, दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे आणि तू गावात असेपर्यंत मी ते उघडणार नाही. आधीच वर बघायचंय तुला, समोर माझं तोंड कशाला. हनुमंतमामा ट्रस्टच्या गाडीत पेशंट बसवून हॉर्न वाजवतोय, पत्र तो तुझ्या लॅबच्या गेटवर देईल. वॉचमन घेईल ना, माझं नाव पाकिटावर नाही. फ्लेक्स गुंडाळून झालाय, तो खांद्यावर घेतो, बाहेर पडतो आणि शटर खाली ओढतो.

तुला नको असलो तरी तुझाच,
समर्थ