मुक्या ठरवलेल्या नळ्या

गुरुवार, ९ ऑक्टोबर, सकाळी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढणं कमी कर.

तो नळ्यांचा मोठा ऑर्गन आला एकदाचा. नदीपलीकडचं जुनं चर्च बंद पडलं, छपरातून पाणी आत यायला लागलं, तेव्हा तिथल्या लोकांनी तो इकडच्या चर्चला देऊन टाकला. अट एकच, आवाज होता तसाच राहिला पाहिजे. त्याचं हे तिसरं बिऱ्हाड. आधी तो नाटकगृहात होता, तिथून आजोबांनी त्या जुन्या चर्चमध्ये हलवला आणि आता बाबांनी इथे. तेव्हा आजोबांनी एकाही नळीला कापायचं पातं लावलं नव्हतं, हे बाबा येईल त्याला ऐकवतात. रविवारी पहिली प्रार्थना आहे.

कामाची रीत तीच. बाबा आत नळ्यांमध्ये अंग चोरून बसतात, मी बाहेर सज्जात पट्ट्यांवर. ते "पुढची" म्हणाले की मी पुढची पट्टी दाबायची. एकमेकांचं तोंड दिसत नाही. दुपारपर्यंत माझी बोटं दुखायला लागतात. तू पट्ट्यांवर बसायचास तेव्हा तुझं डोकं दुखायचं.

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. मुद्द्यावर येते.

काल सगळ्यात बारीक, पेन्सिलीएवढ्या नळ्या सुरात लावत होतो. बाबा आतून ओरडले, "दाब की गं." मी दाबलेलीच होती. नळी स्वच्छ बोलत होती, कानात सुई टोचावी तशी.

"दाबलीय, बाबा."

"मग मुकी आहे. बोलत नाही ना?"

खाली पाद्री उभे होते. जुन्या चर्चमध्ये हा ऑर्गन वाजवणाऱ्या बाई पहिल्या बाकावर होत्या. त्या रोज दोन बस बदलून नुसतं ऐकायला येतात. चारचौघांत बाबांचं हसं नको म्हणून मी म्हटलं, "नाही बोलत." बाईंनी वर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग पुढची. मग तिच्या पुढची. एकदा नाही म्हटल्यावर हो कुठल्या तोंडाने म्हणू? वरची अख्खी ओळ मी मुकी ठरवली.

आता बाबांचं म्हणणं, हलवताना नळ्यांची तोंडं दबली, ती कापून मोठी करावी लागतील. एकदा कापलेलं तोंड पुन्हा जोडता येत नाही, तो आवाज कायमचा गेला. पात्याला धार लावून झालीय. जेवण झालं की सुरुवात.

तू त्यांना म्हणालास, "बाबा, तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत," आणि दुसऱ्या दिवशी घराबाहेर होतास. मला भीती वाटते, दादा. तू गेलास तेव्हा त्यांच्याजवळ मी होते. मलाही घालवलं तर कोण आहे?

ते आले. थांबते.

संध्याकाळी

बाबा आत शिरले आणि म्हणाले, "एकदा शेवटचं बघतो. दाब." मी दाबली. नळी बोलली. "मुकीच," ते म्हणाले, आणि ती उपसून काढल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "बाबा, कापू नका. ती आत्ता बोलली. कालही बोलत होती. सगळ्या बोलतात."

बाबा शिडीवरून हळूहळू उतरले आणि माझ्याकडे न बघता कठड्यावरून वाकले. "बाई, तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं," बाई म्हणाल्या. "कालही आलं होतं."

बाबांनी पातं म्यानात घातलं आणि मला बाकावरून उठवलं. "आत जा. मी दाबतो."

मी आत बसून सगळी ओळ लावली. वरच्या सुरांना मी "पुढची" म्हणेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही. मला तिथे आत रडू आलं. बरं झालं तोंड दिसत नाही ते.

घरी येताना म्हणाले, "त्याला तेव्हाच कळलं होतं, नाही का?"

मी हो म्हटलं.

घराच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "कळव त्याला." काय कळवायचं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. म्हणून सगळंच कळवलंय.

रविवारी ये. रागावलेला असशील तर तसाच ये.

तुझी,
ठमी