अडणारं दार

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, गावातच आहे, स्टेशनासमोरच्या लॉजवर. गावातल्या गावात पत्र म्हणून दाजी हसतील, हसू देत. फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं.

न सांगता निघालो, चुकलंच. पण दमलोय गं. इतकी वर्षं गावोगाव लोकांची दारं-खिडक्या बसवत फिरलो. रंग वाळायच्या आत गाशा गुंडाळायचा. वाटायचं, एकदा घरी गेलो की पाय पसरून झोपेन. आलो तर तू नवी चादर काढलीस, पाहुण्यांचा कप काढलास, दाजींनी स्वतःची खुर्ची दिली. पाणी प्यायचं तरी विचारावंसं वाटायला लागलं. बॅग रिकामी करायला हात होईना.

तुझ्यासाठी काहीतरी करावं म्हणून, तू बाजारात गेलीस तेव्हा ते अडणारं पुढचं दार रंधा मारून सरळ केलं. बोटानं ढकललं तरी उघडेल असं. तू आलीस, दाराला हात लावलास आणि दिवसभर बोलली नाहीस. तुझ्या घरात मी हात घालायला नको होता.

कंत्राटदाराचा निरोप आलाय, लांबचं काम आहे. जाईन म्हणतो. राग सरला की थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा,
धाकटा

६ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

‘तुझ्या घरात’ म्हणे! बाबा गेले म्हणून घर माझं एकटीचं झालं का? ते दार त्यांच्या वेळेपासून अडतं. खांद्यानं जरा उचलायचं आणि ढकलायचं, हे घरच्यांनाच ठाऊक. बाकीचे बेल वाजवतात. सरळ करून देतो म्हणून सुतार कितीदा मागे लागला, मी हात लावू दिला नाही. तू कधीही आलास तरी दार उचलून ढकलल्याच्या आवाजावरून मला स्वयंपाकघरात कळलं असतं. आणि तू आलास तो बेल वाजवून उभा राहिलास. वर दारच तासून टाकलंस! मग बोलू काय?

चादर आणि कप काढले, कारण तू रोज अंथरुणाची घडी बॅगेशेजारी ठेवायचास. वाटलं, हा निघायच्याच बेतात आहे, निदान चार दिवस नीट राहावा. मीही थकले रे, तुझी वाट बघून.

परवापासून अवकाळी पाऊस लागलाय. दार फुगून पुन्हा अडलं. दाजी तू सांगितल्यासारखं बोटानं ढकलत राहिले आणि बाहेर भिजत तुझा उद्धार करत होते. परक्यांची इतकी दारं बसवलीस आणि घरच्याच दाराचं माप चुकलं होय?

कंत्राटदाराला काय कळवायचं ते तू ठरव. माया काय, ती सांगून ठेवावी लागते का?

तुझी,
ताई

९ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं.

माप चुकलं नाही गं. पावसात लाकूड फुगतं, त्यासाठी फट सोडायची, हे मी अगदी सुरुवातीला शिकलो. परक्यांच्या दारांना न चुकता सोडतो. घरच्या दाराला का सोडली नाही, माझं मलाच कळत नाही.

कपाटातला एक कप्पा रिकामा कर. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातच थांब, दार उघडायला उठू नकोस.

तुझाच,
धाकटा