हत्तीचे कान

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळांचे गणवेश शिवून शिवून मान मोडून आली आहे. हे म्हणतात, आता मशीनचीच उशी करून झोप.

लिहायचं कारण भिंगरी. माझ्या कटिंगचा कागद उरला रे उरला की ही पळवायची. घरभर ससे, बोटी, टोप्या. झाडताना जीव नकोसा व्हायचा. आता कितीतरी दिवस कात्रीला हात नाही. शाळेत कागदकामाचं प्रदर्शन आहे, आणि आमची सहा वर्षांची लेक बाईंना सांगून आली की मला येत नाही. ताई, हे वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ठिपक्यांवर कापायचा तयार संच आणून दिला, तो तसाच पडून आहे.

तुमच्या कारखान्यातल्या हातकागदाचे चार ताव पाठव. सोबत दोनचार साचेही पाठव, म्हणजे तिचं चुकणार नाही.

लोभ आहेच, त्यात काटछाट नको.
तुझी,
धाकटी

११ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ताव पाठवते आहे. तू मागे दिलेल्या चिंध्यांचेच आहेत. कुटून, लगदा करून, जाळीवर उचललेले. निळसर आहे तो तुझ्या गणवेशांचा. साचे मात्र देणार नाही. आमच्या कारखान्यात शनिवारी मुलं येतात, त्यांनाही देत नाही. साचा दिला की मूल काम सोडून साच्याशी जुळतंय का एवढंच बघत बसतं.

एक विचारू? बंद करण्याआधी भिंगरीने शेवटचं काय केलं होतं, आणि ते आता कुठे आहे? लहानपणी तू माझ्या बाहुल्यांचे झगे उसवून पुन्हा शिवायचीस, म्हणून आपली शंका.

मान शेकत जा. लोभ असू दे, राग आला तर तोही लिहून टाक.
ताई

१९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आलाच, म्हणून लगेच लिहायला बसले.

शेवटचा हत्ती होता. एक कान पंख्याएवढा, दुसरा शेंगदाण्याएवढा. ती शाळेत गेली असताना मी दोन्ही कान मापात आणले, सोंड नीट केली, काचेच्या कपाटात ठेवला. कौतुकानेच ना? आल्यावर तिने विचारलं, माझा हत्ती कुठे आहे. हा काय, म्हटलं. हा नाही, म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तुझे ताव आले, पण कडा फाटल्यासारख्या, सगळे तंतू बाहेर. आमच्या धंद्यात अशी कड सोडली तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही. मी मोठ्या कात्रीने चारही बाजू सरळ करून दिल्या. भिंगरीने तावांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली पडलेल्या कडांच्या पट्ट्या तेवढ्या गोळा केल्या आणि टेबलाखाली जाऊन बसली. मी वाकले तर मुठी घट्ट मिटून घेतल्या. ताई, माझी लेक माझ्यापासून कागद लपवते. माझं चुकलं कुठे ते सरळ सांग, आडवळणाने विचारू नकोस.

रागावलेली, पण तुझीच,
धाकटी

२६ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं वेडे, ती कड आम्ही मुद्दाम ठेवतो! जाळीवर लगदा जिथवर पसरला, तिथवर कागद. कात्रीचा संबंधच नाही. लोक आधी कडेवरून बोट फिरवतात आणि मग कागद घेतात. तू नेमकी तीच छाटलीस, हे वाचून खूप हसले. मग डोळे भरून आले, कारण पोरीने नेमकी तीच उचलली.

तू वाईट आई नाहीस गं. तू पक्की टेलर आहेस, वाकडं दिसलं की तुझे हात शिवशिवतात. पण तिला एवढंच कळलं की आपण केलेलं चालत नाही. म्हणून तिने करणंच सोडलं.

आमच्याकडे एकच नियम आहे, दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. मोठ्यांनी तर नाहीच. डब्यात लगदा आणि दोन छोट्या जाळ्या पाठवते आहे. तिला शिकवू नकोस. तू आपली बस आणि स्वतःचा कागद कर. प्रदर्शन राहिलं तर राहू दे.

लोभ आहे, या बोलणीसकट.
ताई

४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज दुपारी दुकान बंद ठेवलं. परातीत पाणी घेतलं, लगदा सोडला, जाळी बुडवली. भिंगरी दारातच उभी राहिली. माझा कागद एकीकडे जाड, एकीकडे भोक. दुसरा त्याहून वाईट. इतकी वर्षं कापड कापते आहे, पण ते ओलं काही हाताला दाद देईना. शेवटी जाळी परातीतच सोडली आणि तोंडून निघून गेलं की मला नाही येत बाई.

तेव्हा ती आत आली. बाह्या वर केल्या, दुसरी जाळी घेतली, मला चिकटून बसली. माझा भोक पडलेला कागद बराच वेळ पाहिला, पण त्याला बोट लावलं नाही. मग अगदी हळू म्हणाली, "कर गं आई. मी तुझं सरळ करणार नाही."

पुढे लिहवत नाही. अक्षर वाकडं आलं आहे, तसंच वाच.
तुझी,
धाकटी