पान सत्त्याऐंशीची तळटीप

सावेडी, अहिल्यानगर
१५ डिसेंबर २०२५

चि. धनश्री,

खूप खूप आशीर्वाद. श्रीरामपूरला थंडी चांगलीच पडली असेल. आम्ही इकडे मजेत आहोत. आमच्या मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीआधीच उरकलं. आता जिना चढतात आणि तुझी आठवण काढतात. तू आणलेल्या बाजरीच्या खारोड्या अजून डब्यात आहेत.

मोबाईल उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रागावली असशील. विद्यार्थ्यांनी रागवायचं आणि गाईडने पोटात घालायचं, हे चालायचंच.

चौकशी समितीबद्दल तू कॉलेजात चार लोकांपाशी बोललीस असं कानावर आलं. तेव्हा काय घडलं ते एकदा नीट ऐकून घे. तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, ऊसतोड बायकांच्या बोलण्यावरचं, कॉम्प्युटरवर तपासलं गेलं आणि माझ्या लेखाशी जुळलं. निम्म्याहून जास्त. माझा लेख गेल्या वर्षी मार्चमध्ये छापून आला, तुझा प्रबंध यंदा जूनमध्ये दाखल झाला. आधी छापलं ते मूळ, मागून आलं ती नक्कल. यात माझा काय दोष? यंत्राला तू आणि मी सारखेच.

तू समितीपुढे म्हणालीस, "सर, हे प्रकरण मी तुम्हाला त्याच्याही आधी वाचायला दिलं होतं. हाताने लिहिलेलं." मी म्हणालो, मला आठवत नाही. आणि खरंच आठवत नव्हतं. गाईडच्या टेबलावर किती कागद येऊन पडतात! त्यात तुझं अक्षर तेव्हा इतकं बारीक, आणि तुझ्या आईच्या प्रत्येक वाक्याला दोन्ही बाजूंनी अशी जाड अवतरणचिन्हं ठोकलेली की वाचताना डोळे दुखायचे. मी तेव्हाच सांगितलं होतं, ही चिन्हं काढ, लोकांचं बोलणं कुणा एकीच्या मालकीचं नसतं. ऐकलं नाहीस.

आईला समितीपुढे आणायला नको होतंस. बायडाबाई टोळीबरोबर श्रीगोंद्याला उसावर गेलेल्या, तिथून तशाच उठून आल्या. पायाला चिखल. शिपायाने आधी त्यांना बाहेरच बसवलं होतं; तूच हट्टाने आत घेतलंस. समितीतल्या बाईंनी माझ्या लेखातलं वाक्य वाचून दाखवलं. 'ऊसतोड स्त्रीला कोयता खाली ठेवायला वेळ नसतो, म्हणून ती मूल खाली ठेवते.' तशा बायडाबाई उभ्या राहिल्या.

"ह्ये म्या बोल्ले हाय. कोयता ठिवाया येळ न्हवता, म्हनून पोरगं ठिवलं खाली. उचलाया गेले तवर गार झालं हुतं. हिचा भाऊ हुता त्यो."

बाईंनी विचारलं, "याला काही लेखी आधार आहे का?"

"आधार?" त्यांना शब्दच कळला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सायेब, तुमी हुता का तवा फडात?"

कुणीतरी हसलं. मी हसलो नाही, एवढं लक्षात ठेव. मी फक्त समितीला आठवण करून दिली की साक्ष देणारी व्यक्ती उमेदवाराची आई आहे. तेवढं पुरलं.

आणि स्पष्टच सांगतो, त्यांचं वाक्य आणि माझं वाक्य एक नाहीच. त्यांचं ते रडगाणं होतं. मी ते प्रमाण मराठीत आणलं तेव्हा त्याचा विचार झाला. पुण्याच्या चर्चासत्रात मी ते वाचलं तर सभागृह गप्प झालं. तुझ्या आईने सांगितलं असतं तर लोकांनी घड्याळं पाहिली असती.

समिती तुझी नोंदणीच रद्द करायला निघाली होती. पीएच.डी. गेली असती, पाठोपाठ तुझी ती तासिका तत्त्वावरची नोकरीही. मार्ग मीच काढला. जुळणाऱ्या प्रत्येक वाक्याला अवतरणचिन्हं घालायची, खाली माझं नाव, साल, पान क्रमांक द्यायचा, तशा हमीपत्रावर सही करायची, की झाली चोरी माफ. तुला चिन्हांची हौस आहेच. त्या दिवशी तू बाहेर जिन्यात बसून होतीस आणि बायडाबाई तुझ्या पाठीवरून हात फिरवत "सही करून टाक, बाय" म्हणत होत्या, ते मी येता येता पाहिलं. त्यांना तुझ्यापेक्षा व्यवहार कळतो.

सुधारित प्रत परवा ऑफिसातून माझ्याकडे आली. सगळीकडे माझं नाव बिनचूक. वाचून समाधान वाटलं. फक्त पान सत्त्याऐंशीवर, त्याच वाक्याच्या तळटीपेत, माझ्या नावाच्या आधी तू एक ओळ घातली होतीस: 'मूळ बोल बायडाबाई आसाराम बडे, माझी आई. तिच्या त्या मुलाचं नाव करण.'

धनश्री, तळटीप ही संदर्भाची जागा आहे. मेलेल्या पोरांची नावं लिहायची जागा नव्हे. मी टायपिस्टला सांगून ती ओळ काढून टाकली. शेवटच्या पानावर तुझी सही होतीच, त्यामुळे तुला परत हेलपाटा पडला नाही. प्रत पुढे गेली. आता त्यात बदल होत नाही.

तोंडी परीक्षा जानेवारीत आहे. बाहेरचे परीक्षक माझे जुने स्नेही आहेत, काळजी करू नकोस. प्रबंधात माझे उपकार किती, ते विचारतील. उत्तर पाठ करून ये.

जाता जाता एक आनंदाची बातमी. माझा तो लेख पुढच्या जूनपासून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लागतो आहे. म्हणजे तुझ्याच वर्गात येईल, तुलाच शिकवावा लागेल. एखादं पोर विचारेलच, मॅडम, हे वाक्य कुणाचं? तेव्हा घुटमळू नकोस. फळ्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात लिही, आणि मुलांना दोनदा म्हणायला लाव.

तुझ्या प्रबंधावर ज्याची सही राहणार आहे, तो
तुझा मार्गदर्शक,
डॉ. रविराज निमसे